निघण्याआधी मुकादमाची वही वाच

तुझा निरोप दोनदा वाचला. नाशिकला सिव्हिल, पुण्यात बांधकाम व्यवस्थापनात एम.टेक., सहा वर्षं साइटवर प्लॅनिंग इंजिनिअर, घरी बायको आणि तीन वर्षांची मुलगी. आता ब्रिटनमध्ये याच विषयात पीएचडी करायची आहे आणि विषयही ठरवलायस, 'भारतीय बांधकाम प्रकल्पांतील विलंबाची कारणे'. विद्यापीठ कुठलं, पैशाचं कसं, कुटुंब नेता येईल का आणि पुढे काय, हे तुझे चार प्रश्न. ताई म्हणालास म्हणून एकेरीतच लिहिते.

चारही प्रश्नांच्या आधी एक गोष्ट सांगते: हा विषय सोड.

मीसुद्धा हाच विषय घेऊन इथे ब्रिटनमध्ये पीएचडीला आले होते, म्हणून सांगते. विलंबाच्या कारणांची यादी करायची, ती शंभर-दीडशे इंजिनिअरांना पाठवायची, प्रत्येक कारणाला एक ते पाच गुण द्यायला सांगायचं आणि आलेल्या आकड्यांवरून कारणांना क्रमांक लावायचे. असे पेपर सौदीपासून मलेशियापर्यंत आणि आपल्याकडूनही कितीतरी निघाले आहेत. २००६ साली सौदी अरेबियातल्या एका अभ्यासाने ७३ कारणं मांडली. पुढच्या अनेक याद्या त्याच धर्तीवर बेतलेल्या. ड्रॉइंग उशिरा आलं, चालू कामाचं (आरए) बिल अडकलं, मजूर कमी पडले, मालकाने मध्येच बदल सांगितले. यातलं कुठलं कारण तुला पहिल्याच पावसाळ्यात साइटवर कळलं नव्हतं? मजुरांची कमतरता तिसऱ्या क्रमांकावर आली की सहाव्या, त्यावरून कोणाचाही स्लॅब एक दिवससुद्धा लवकर भरला जात नाही. तोंडी परीक्षेला बाहेरच्या विद्यापीठाचा परीक्षक समोर बसतो. तो हेच विचारणार, की यात नवं काय?

नवं तुझ्याकडे आहे. निरोपाच्या शेवटी जाता जाता लिहिलंस, 'आमचा मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमधला (एमएसपी) वेळापत्रकाचा बार चार्ट आणि मुकादमाचं काम कधीच जुळत नाही, दर सोमवारी मी नुसत्या तारखा पुढे ढकलतो.' ही एक ओळ तुझ्या सगळ्या प्रस्तावापेक्षा मोलाची आहे. तीच धर.

या ओळीमागे तीसेक वर्षांचं संशोधन आहे. लाउरी कोस्केला नावाच्या फिनलंडच्या संशोधकाने १९९२ साली स्टॅनफर्डला असताना एक अहवाल लिहिला. कारखान्यातल्या उत्पादनाकडे बघायची नवी दृष्टी बांधकामाला लागू होते का, हा त्याचा प्रश्न. पुढच्याच वर्षी फिनलंडमध्ये एस्पो इथे लीन कन्स्ट्रक्शनवाल्या, म्हणजे बांधकामातला वेळेचा-मालाचा अपव्यय कमी करू पाहणाऱ्या, संशोधकांची पहिली परिषद भरली, आणि ती फिरत फिरत २०१८ मध्ये चेन्नईलाही आली. त्याच गटातले ग्लेन बॅलार्ड हे अमेरिकेतल्या बांधकाम उद्योगातून आलेले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी मोजणी केली: सोमवारी कबूल केलेल्या कामांपैकी शनिवारपर्यंत पूर्ण किती झाली? सरासरी ५४ टक्के निघाली. म्हणजे नावाजलेल्या ठेकेदारांकडेही जवळजवळ निम्म्या कबुल्या मोडत होत्या, आणि वरचा बार चार्ट कितीही नेटका असला तरी फरक पडत नव्हता. त्यांचा उपाय असा, की आठवड्याचं नियोजन त्या माणसाने करायचं जो प्रत्यक्ष टोळीला काम लावतो. तो शेवटचा नियोजक. ड्रॉइंग, माल, आधीच्या टोळीचं काम यांतलं काहीही तयार नसेल तर त्याने सरळ 'हे या आठवड्यात होणार नाही' म्हणायचं. २००० साली यावरच त्यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात पीएचडी केली.

आता आपल्याकडचं बघ. आपला शेवटचा नियोजक म्हणजे मुकादम. तो मीटिंगला नसतोच. असला तरी दारापाशी उभा असतो. त्याने कंपनीकडून उचल घेतलेली असते, त्याच्याकडून गावातल्या वीस-पंचवीस जणांनी. त्याचं बिल तुझ्या सहीवर अडलेलं असतं. अशा माणसाला 'होणार नाही' म्हणता येतं का? ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्या होकाराला आश्वासन म्हणायचं का? बर्मिंगहॅमच्या त्या प्रबंधातलं आश्वासन आणि आपल्या साइटवरचा 'हो साहेब, होऊन जाईल' यांच्यातलं अंतर कोणी धड मोजलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे. ते मोजायला साइटवर सहा वर्षं काढलेला, मराठी-हिंदी बोलणारा माणूस लागतो.

माझं काय झालं ते सांगते. पहिल्या वर्षी इथल्या एका ठेकेदार कंपनीने साइटवर येऊन निरीक्षण करायला होकार दिला. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी, धोक्यांचं मूल्यांकन, सुरक्षेची परीक्षा, इंडक्शन, सगळं पार पडलं. मग तिथला प्रोजेक्ट मॅनेजर बदलला आणि नव्या मॅनेजरने एका ओळीच्या ईमेलने दार बंद केलं. पाच महिने गेले. इथे साइटवर शिरकाव मिळवणं हे संशोधनातलं सगळ्यात अवघड काम आहे. बाहेरून आलेल्या मुलीला, जिची कोणाशी ओळख नाही, तिला तर फारच. शेवटी पुण्यातल्या माझ्या जुन्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, 'ये की, विचारतेस काय.' चार महिने मी त्यांच्या एका बारा मजली इमारतीवर बसून होते, आणि माझ्या प्रबंधातलं जे काही धड आहे ते त्या चार महिन्यांतलं आहे.

तिथे एका मुकादमाने मला त्याची वही दाखवली. हजेरी, कोणाला किती उचल, कोणाच्या बहिणीचं लग्न, कोण सोयाबीनच्या काढणीला गावी जाणार. ऑक्टोबरमध्ये अकरा माणसं जाणार हे त्याने ऑगस्टमध्येच लिहून ठेवलं होतं. आमच्या एमएसपीच्या कॅलेंडरमध्ये रविवार आणि सरकारी सुट्ट्या होत्या, काढणी नव्हती. ऑक्टोबरच्या अहवालात 'अचानक मजूर कमी' असं कारण लिहिलं गेलं. ते मीच टाइप होताना बघितलं. 'मजुरांची कमतरता' नावाचं जे कारण सगळ्या याद्यांमध्ये असतं, ते त्या साइटवर कागदावर लिहिलेलं, तारखेसकट, दोन महिने आधी उपलब्ध होतं. फक्त वही कोणी मागितली नव्हती.

संमतीपत्राचीही एक अडचण सांगून ठेवते. विद्यापीठाचा नियम असा, की ज्याच्याशी बोलशील त्याची लेखी संमती हवी. कागदावर सही म्हटल्यावर मजूर घाबरतात, आणि त्यांचं घाबरणं रास्त आहे. मी समितीला पत्र लिहून तोंडी संमती ध्वनिमुद्रित करायची परवानगी घेतली, माहितीपत्रक मराठी-हिंदीत केलं. त्यात महिना गेला. तू हे सुरुवातीलाच मांड.

इथल्या अभ्यासाची घडणही समजून ये. ब्रिटनमध्ये हा विषय सरकारी अहवालांच्या धक्क्यांनी वाढला. १९९४ चा लॅथम अहवाल ठेकेदार-मालकांच्या भांडणांवर होता; त्यातून १९९६ चा कायदा आला, ज्यात पेमेंटचा वाद झाला तर निवाडाकर्ता साधारण २८ दिवसांत निर्णय देतो. आपल्याकडे लवादात वर्षानुवर्षं अडकलेली बिलं पाहिलेल्या माणसाला याचं मोल कळेल. १९९८ मध्ये ईगन अहवाल आला आणि बांधकामाने मोटार कारखान्यांकडून शिकावं असा सूर लागला. त्यावर संशोधकांनी जोरदार टीकाही केली. १९९० च्या दशकात 'कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट अँड इकॉनॉमिक्स' या नियतकालिकात मोठा वाद झडला, की हा विषय विज्ञानासारखा आकड्यांनी अभ्यासायचा की माणसं स्वतःच्या कामाचा अर्थ कसा लावतात ते समजून घ्यायचं. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत हा प्रश्नच कोणी विचारत नाही. मला पहिल्या वर्षी तत्त्वज्ञान वाचायला सांगितलं तेव्हा मी रडकुंडीला आले होते. तू आधीच तयारी कर, कारण पहिल्या वर्षाअखेरच्या आढाव्यात हेच विचारतात. अर्कॉम, म्हणजे बांधकाम व्यवस्थापनातल्या संशोधकांची १९८५ पासूनची संघटना, तिच्या परिषदांचे पेपर आणि लीनवाल्यांच्या परिषदांचे पेपर, दोन्ही फुकट वाचता येतात. नाशिकमध्ये बसून वाच.

विद्यापीठाचं म्हणशील तर नाव बघू नकोस, मार्गदर्शक बघ. रेडिंग, लफबरा, साल्फर्ड, हडर्सफील्ड, लंडनचं यूसीएल, एडिनबराचं हेरियट-वॉट, सगळीकडे हा विषय गंभीरपणे चालतो. पण तीन-चार वर्षं तू एका-दोघा माणसांबरोबर काढणार आहेस. त्यांचे शेवटचे पाच-सहा पेपर वाच, मग दीड पानाचं पत्र लिही: साइटवर काय पाहिलंस, काय कळलं नाही आणि त्यांच्या कुठल्या लेखातल्या कुठल्या मुद्द्याशी ते भिडतं. जमलं तर त्यांच्या सध्याच्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोलून घे.

पैशाबाबत माझं म्हणणं कडक आहे: कर्ज काढून पीएचडीला येऊ नकोस. यूकेआरआय, म्हणजे इथल्या सरकारी संशोधन-निधी संस्थेच्या, निधीतल्या जागांना २०२५-२६ साठी किमान स्टायपेंड वर्षाला २०,७८० पौंड होता, आणि त्या जागांपैकी जास्तीत जास्त ३० टक्के परदेशी विद्यार्थ्यांना देता येतात. कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती बघ. अनुसूचित जातीतला असशील तर आपल्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पीएचडीलाही मिळते. स्टायपेंड मिळाला तरी फी पूर्ण माफ आहे की फक्त ब्रिटिश विद्यार्थ्याइतकी, हे लेखी विचारून घे. फरक मोठा असतो.

कुटुंब आणता येतं. २०२४ पासून बहुतेक मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना ती सोय राहिली नाही, पीएचडीला आहे, आणि जोडीदाराला नोकरीही करता येते. पण आरोग्य अधिभार माणशी वर्षाला ७७६ पौंड, सगळ्या वर्षांचा आधीच भरायचा. तिघांची चार वर्षं धरली तर ९,३१२ पौंड होतात, व्हिसाची फी वेगळी. क्षयरोगाच्या तपासणीचा दाखलाही लागतो. इंग्लंडमध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांना आठवड्याला १५ तास पाळणाघर सरकारी खर्चाने मिळतं, वर्षातले ३८ आठवडे. त्यापुढचे तास फार महाग पडतात. मुलगी चार पूर्ण झाली की सप्टेंबरपासून शाळा, ती मोफत. पहिलं वर्ष ओढाताणीचं जाईल, हे वहिनींशी आत्ताच मोकळेपणाने बोल.

पीएचडीनंतर ग्रॅज्युएट रूट या व्हिसावर तीन वर्षं राहता येतं. विद्यापीठांत नोकऱ्या सध्या कमी होताहेत, त्यावर भिस्त ठेवू नकोस. एक क्षेत्र मात्र वाढतं आहे. १४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ माणसं गेली. त्यानंतर सरकारने नेमलेल्या स्वतंत्र आढाव्यातून २०२२ चा इमारत सुरक्षा कायदा आला, आणि उंच इमारतींसाठी कोणी काय ठरवलं, कुठलं साहित्य वापरलं, काय बदललं याची अखंड नोंद ठेवणं बंधनकारक झालं. ती नोंद साइटवर खरी कशी ठेवायची, यावर खूप काम व्हायचं आहे. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शीळ फाट्याला बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसं गेली, तेव्हा मी शिकत होते. तो फोटो अजून डोळ्यांसमोर आहे. काँक्रीटच्या ताकदीच्या चाचणीचं, म्हणजे क्यूब टेस्टचं, रजिस्टर नंतर बसून भरलेलं तूही पाहिलं असशील. या विषयातलं संशोधन घेऊन तू पुण्यात निकमार या बांधकाम व्यवस्थापनाच्या संस्थेत, सीओईपी या अभियांत्रिकी विद्यापीठात किंवा आयआयटी मद्रासला परतलास तरी मला आनंदच होईल.

आता लगेच करायचं काम. पुढच्या बारा आठवड्यांत दर सोमवारी तुझ्या साइटवर कबूल झालेली कामं लिही, शनिवारी झालेली लिही, आणि न झालेल्यांचं कारण मुकादमाला विचारून त्याच्याच शब्दांत लिही. अहवालातलं कारण शेजारी लिही. नावं टाकू नकोस, टोळ्यांना क्रमांक दे. कंपनी सोडण्याआधी साहेबांकडून एक पत्र घे, की पुढे संशोधनासाठी परत येऊ देतील. पत्र एका अधिकाऱ्याच्या नव्हे, कंपनीच्या नावाने असू दे. पहिल्या सहा आठवड्यांच्या नोंदी झाल्या की मला पाठव. मी वाचून, खुणा करून परत पाठवीन, मग प्रस्ताव लिहायला बसू.