‘सिन्स’ आलं की क्रियापद कुठलं?

प्रश्न : मी अंबडच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. एका मुलाखतीत ‘आय ॲम वर्किंग इन अंबड सिन्स फाइव्ह इयर्स’ म्हणालो. समोरच्यांनी वाक्य दुरुस्त केलं, कारण सांगितलं नाही. चूक कुठे आहे?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : चुका दोन आहेत. ‘सिन्स’नंतर सुरुवात केव्हा झाली ते येतं : सिन्स २०२०, सिन्स मंडे, सिन्स दिवाळी. किती काळ झाला हे सांगायला ‘फॉर’. आपलं ‘पासून’ दोन्हीकडे चालतं, सोमवारपासून आणि पाच वर्षांपासूनही, म्हणून गल्लत होते.

दुसरी चूक क्रियापदाची. नुसतं ‘आय ॲम वर्किंग इन अंबड’ बिनचूक आहे. त्याला ‘पाच वर्षं’ जोडली की मात्र ‘ॲम’ चालत नाही. मागे सुरू झालेलं काम आजही चालू असेल आणि त्याला किती काळ झाला हे सांगायचं असेल, तर ‘हॅव’ लागतोच : ‘आय हॅव बीन वर्किंग इन अंबड फॉर फाइव्ह इयर्स.’

इथे घाईत ‘आय वर्क्ड इन अंबड फॉर फाइव्ह इयर्स’ म्हणू नका. व्याकरण ठीक, पण मुलाखत घेणारा समजेल की ती नोकरी तुम्ही सोडली आहे!

ओळख, मालकी, आवड अशा स्थितिवाचक क्रियापदांना ‘बीन’ आणि ‘इंग’ लावत नाहीत. ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’ एवढंच पुरे. ‘सिन्स’पुढे सुरुवातीची घटना आली तर ती साध्या भूतकाळात : ‘सिन्स आय जॉइन्ड’.

प्रश्न : ‘आय हॅव सबमिटेड द फॉर्म यस्टरडे’ का चुकीचं? ‘मी काल फॉर्म दिला आहे’ असं तर आपण सर्रास म्हणतो.
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : मराठीत चालतं, इंग्रजीत नाही. नाशिक रोड स्टेशनवर कुणी ‘द पंचवटी हॅज लेफ्ट’ म्हणालं, तर आत्ता गाडी फलाटावर नाही, हे महत्त्वाचं. त्यालाच ‘टेन मिनिट्स अगो’ जोडलं की ‘हॅज’ गळतो : ‘द पंचवटी लेफ्ट टेन मिनिट्स अगो.’ यस्टरडे, लास्ट वीक, अगो, इन २०१५ हे सगळे संपलेल्या काळाचे शब्द. त्यांच्यासोबत साधा भूतकाळ, म्हणून ‘आय सबमिटेड द फॉर्म यस्टरडे’.

‘धिस मॉर्निंग’ थोडं फसवं आहे. सकाळी दहाला ‘हॅव यू सीन द मॅनेजर धिस मॉर्निंग?’ हे बरोबर. दुपारी चारला सकाळ उलटलेली असते, तेव्हा ‘डिड यू सी’. ‘ऑलरेडी’ आणि ‘यट’बरोबर ब्रिटिश वळण ‘हॅव’चं, अमेरिकन बोलण्यात ‘डिड यू ईट यट?’ चालून जातं. परीक्षेत ‘हॅव’च लिहा.

प्रश्न : ‘व्हेन आय विल रीच, आय विल कॉल यू’ हे बरोबर आहे का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : पहिला ‘विल’ काढा : ‘व्हेन आय रीच, आय विल कॉल यू.’ आफ्टर, बिफोर, अन्टिल, ॲज सून ॲज यांनाही हाच नियम. मात्र ‘व्हेन विल यू रीच?’ हा थेट प्रश्न आहे, आणि ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ यात तोच प्रश्न दडलेला आहे. या दोन्हींत ‘विल’ राहू द्या.