बलून पंपावरच्या पेशंटला कोल्हापूरहून पुण्याला हलवताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील ६६ वर्षांचे, चार दिवसांपूर्वी ॲटॅक आला, त्यात हृदयातल्या मायट्रल झडपेचा आधार तुटला आणि झडप गळायला लागली. कोल्हापुरात बलून पंप (महाधमनीत बसवलेला, बाहेरच्या मशीनने फुगणारा-रिकामा होणारा फुगा) लावून सांभाळलंय, ऑपरेशनला पुण्याला न्यायला सांगितलंय. वाटेत मशीन बंद पडलं तर? विमानाने नेलेलं बरं का? आणि मेव्हणे म्हणतात तसं बलूनचा मुळात उपयोगच नसतो का?

मी परफ्युजनिस्ट आहे, म्हणजे हृदयाला आधार देणारी मशीन चालवणारा. बलून, एक्मो (हृदय-फुप्फुसाचं काम शरीराबाहेर करणारं मशीन) लावलेल्या पेशंटबरोबर गाडीच्या मागच्या बाकावर बसून या हायवेवर बऱ्याच खेपा झाल्यात. न्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, त्यात मी पडत नाही. ठरलंच असेल तर काय बघायचं, तेवढं सांगतो.

आधी मेव्हणे. त्यांनी वाचलेला अभ्यास खरा आहे, २०१२ सालचा, जर्मनीतला, ६०० पेशंटचा. ॲटॅकनंतर शॉकमध्ये गेलेल्यांना (हृदय पुरेसं रक्त ढकलू शकत नाही अशा अवस्थेतल्यांना) सरसकट बलून लावल्याने महिनाभरातले मृत्यू कमी झाले नाहीत, असं त्यात दिसलं. पण झडप तुटल्यामुळे किंवा हृदयातल्या पडद्याला भोक पडल्यामुळे शॉक आलेले पेशंट त्यात घेतलेच नव्हते. तुमच्या वडिलांचं दुखणं नेमकं तेच. झडप गळते तेव्हा हृदयाने ढकललेलं रक्त पुढे जायच्या ऐवजी मागे फुप्फुसाकडे जातं. बलून महाधमनीत बसून हृदय आकसायच्या क्षणी रिकामा होतो, पुढची वाट हलकी करतो, मग रक्त पुढे जातं. ऑपरेशन टेबलापर्यंत पोचवायला हा आधार चांगला आहे. १९६७ पासून वापरात असलेली वस्तू आहे, उगीच टिकलेली नाही.

आता प्रवास. लोकांना हायवेची भीती वाटते. माझ्या अनुभवात सगळ्यात वाईट वेळ असते ती पलंगावरून स्ट्रेचरवर घेण्याची, आणि तिथून गाडीपर्यंतची. एका ठिकाणी (नाव नको) आम्ही लिफ्टपाशी आलो. स्ट्रेचर आत गेलं. बलूनचं मशीन छोट्या कपाटाएवढं, चाकांवरचं, ते आत मावेना. पेशंट आत, मशीन बाहेर, मधे दीड मीटर नळी ताणलेली, आणि दरवाजा मिटायला लागला. वॉर्डातल्या मामांनी पाय घातला म्हणून निभावलं. तेव्हापासून माझ्या बॅगेत मोजपट्टी असते आणि पेशंटला हात लावायच्या आधी मी रिकामं स्ट्रेचर न् मशीन घेऊन एकदा गाडीपर्यंत जाऊन येतो. लोक हसतात. हसू देत.

बलूनची नळी बहुतेक मांडीतून वर छातीपर्यंत गेलेली असते. पेशंटला सरकवताना ती दोन-तीन सेंटिमीटर वर गेली तर डाव्या हाताकडे जाणाऱ्या धमनीचं तोंड झाकतं, खाली आली तर मूत्रपिंडाकडचं. म्हणून हलवल्यावर डाव्या मनगटाची नाडी बघायची, लघवीच्या पिशवीवर लक्ष ठेवायचं आणि त्या पायाचं पाऊल गरम आहे ना ते चाचपायचं. तो पाय गुडघ्यात वा जांघेत दुमडायचा नाही, पाठ ३० अंशांपेक्षा वर उचलायची नाही. वडील शुद्धीवर असतील तर हे त्यांना आधीच नीट समजावा, वाटेत पाय अवघडला की माणूस नकळत दुमडतो. आणि बलून हेलियम वायूने फुगवतात, त्या हेलियमच्या नळीत लालसर काही दिसलं, अगदी तपकिरी ठिपके जरी दिसले, तरी बलून फाटलाय असं समजतात. मग निघायचं नाही.

मशीन बंद पडण्याबद्दल. बलून आत निपचित पडून राहिला तर त्यावर गुठळी धरते, म्हणून अर्ध्या तासाची मर्यादा मानतात. मशीन लगेच सुरू होत नसेल तर बरोबरचा माणूस सिरिंजने बलून फुगवून लगेच रिकामा करतो, दर पाच मिनिटांनी. हे काम तुमचं नाही, पण करणारा माणूस गाडीत हवा. म्हणून विचारायचा पहिला प्रश्न हाच: "बरोबर कोण येतंय, आणि त्यांनी हे मशीन चालवलंय का?" नुसतं 'कार्डिॲक ॲम्ब्युलन्स' लिहिलेली गाडी बघून समाधान मानू नका.

पूर्ण बंद पडण्यापेक्षा जास्त वेळा होतं ते म्हणजे मशीनचा ताल चुकणं. बलून कधी फुगवायचा हे मशीन ईसीजीवरून ठरवतं आणि खड्ड्यात गाडी आपटली की ईसीजीची रेघ वेडीवाकडी होते. अशा वेळी आम्ही धमनीतल्या दाबाच्या लाटेवर ताल लावतो. त्यासाठी दाबाची लाइन (धमनीत घातलेली, दाब मोजणारी नळी) चांगली चालू हवी. निघायच्या आधी ईसीजीचे स्टिकर नवे, कोरड्या त्वचेवर लावलेले असले तर निम्मी कटकट वाचते.

वीज. बॅटरी मॉडेलप्रमाणे दीड ते तीन तास सांगतात, जुनी झाली की बरीच कमी. कोल्हापूर-पुणे साधारण २३० किलोमीटर, साडेचार-पाच तास धरा. म्हणजे गाडीच्या इन्व्हर्टरवरच मशीन चालणार. एकदा आम्ही प्लग घातला, दिवा लागलेला बघितला आणि निघालो. कराडच्या अलीकडे मशीन बॅटरी कमी म्हणून ओरडायला लागलं. दिवा सॉकेटचा होता, मशीनला वीज येतच नव्हती. रस्त्यालगतच्या एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत गाडी लावून, खिडकीतून वायर ओढून पाऊण तास चार्ज केलं. आता मी गाडी चालू ठेवून, सगळे सिरिंज पंप (औषधं थेंबाथेंबाने सोडणारे) आणि मशीन एकदम लावून दहा मिनिटं उभ्या गाडीत बघतो.

ऑक्सिजनचा हिशेब तुम्ही स्वतः करू शकता. समजा व्हेंटिलेटर मिनिटाला १२ लिटर खातो. पाच तासांचे ३६०० लिटर. दुप्पट धरायचं, म्हणजे ७२००. मोठा जम्बो सिलिंडर ७००० लिटरचा, छोटा बी टाइप १५०० चा. एक जम्बो, एक छोटा, दोन्हींचे काटे डोळ्यांनी बघितलेले, आणि सिलिंडर उघडायचा पाना गाडीत. पाना विसरलेली गाडी मी पाहिलीय.

अजून एक, जे कोणी आपणहून सांगत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या बलूनची नळी आणि मशीन यांचे जोड एकमेकांना बसत नाहीत. पुण्यात कुठल्या कंपनीचं मशीन आहे ते आजच दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावून कळून घ्या, मधला जोड (अडॅप्टर) लागत असेल तर मागवता येतो. आणि मशीन कोल्हापूरचंच जाणार असेल तर ते परत कोण आणणार हेही ठरवा. बऱ्याच हॉस्पिटलात ते एकच असतं, या एका मुद्द्यावर गाडी दोन तास दारात उभी राहिलेली मी अनुभवलीय.

विमानाचं म्हणाल तर वेळ वाचतो, पण चढ-उतार वाढतात: पलंग, गाडी, विमान, परत गाडी, पलंग. वर मी सांगितलेली वाईट वेळ तुम्ही दुप्पट करताय. शिवाय वर गेल्यावर हवेचा दाब कमी होतो आणि बंद नळीतला हेलियम प्रसरण पावतो. कॅबिनमधला दाब ८००० फुटांवरच्या इतका असेल तर समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण तिसऱ्या हिश्श्याने. काही मशीन ते आपोआप जुळवून घेतात, काहींत वाटेत गॅस काढून पुन्हा भरावा लागतो. एवढ्या अंतराला मी रस्ताच धरेन. पण घाटाच्या वळणांवर ड्रायव्हरला घाई करायला लावू नका. मशीन पट्ट्यांनी गाडीला बांधलंय ना, तेही बघा. सुटलेलं मशीन ब्रेक लागला की पेशंटवर येतं.

एक्मो लावायची वेळ आली तर वरचं सगळं लागू, पण चूक सावरायला मिनिटं मिळत नाहीत. हृदयासाठीच्या एक्मोत पंप थांबला की रक्त उलटं फिरतं. लगेच नळीला चिमटा लावायचा आणि हाताने फिरवायचं हँडल जोडायचं. ते पेशंट एक्मोची स्वतःची टीम आल्याशिवाय हलवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

तयारीला दीड-दोन तास लागले तर सिस्टर-ब्रदरच्या मागे "अजून किती वेळ" लावू नका. तेवढ्यात अँजिओग्राफीची सीडी, रक्तगटाचा कागद, औषधांच्या डोसची यादी आणि पुण्यातल्या बेडचा होकार, हे एका पिशवीत घाला. तुम्ही स्वतः मागच्या गाडीत बसा, ॲम्ब्युलन्सच्या पुढे जायचं नाही.

बलून कुठल्या पायात आहे, व्हेंटिलेटर आहे का आणि बीपीची औषधं किती चालू आहेत ते कळवा. आज रात्री ड्युटीवर आहे, अकरानंतर बघतो.