शंभर थेंब मोजले, तरी पृष्ठताण कमी का?

प्रश्न : पाण्याचा पृष्ठताण (पृष्ठभागाला ताणलेल्या पडद्यासारखं धरून ठेवणारी ओढ) काढण्यासाठी ४ मिमी बाह्य व्यासाच्या काचेच्या नळीतून १०० थेंब पाडले. वजन ६.० ग्रॅम भरलं. ‘थेंबाचं वजन = परीघ × पृष्ठताण’ धरून उत्तर ४७ मिलिन्यूटन प्रति मीटर आलं. पुस्तकात ७२ आहे. पाणी डिस्टिल्ड होतं. चूक कुठे?

उत्तर : मोजणी चोख आहे, सूत्र अपुरं आहे. तुम्ही वापरलेलं सूत्र म्हणजे टेट या शास्त्रज्ञाचा १८६४ सालचा नियम. लटकलेला थेंब अख्खा सुटतो असं त्यात धरलेलं आहे. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये बघा : थेंब जड झाला की त्याची मान बारीक होते, दोऱ्यासारखी ताणली जाते आणि तुटते. खालचा गोळा पडतो, वरचं पाणी नळीलाच राहतं. दोऱ्याचा उरलेला तुकडा इवल्याशा थेंबाच्या रूपात मागोमाग येतो. तो वेगळा मोजू नका.

हार्किन्स आणि ब्राउन या शास्त्रज्ञांनी १९१९ मध्ये यासाठी दुरुस्तीचं कोष्टक दिलं. नळीची त्रिज्या भागिले थेंबाच्या घनफळाचं घनमूळ, एवढंच काढायचं. तुमचा थेंब ६० घनमिमी, घनमूळ ३.९, २ भागिले ३.९ म्हणजे ०.५१. त्यासमोर गुणक ०.६५ आहे. ४७ ला ०.६५ ने भागा, ७२ येतात.

आता जिथे खरोखर घसरतं ते. नळीचं तोंड काटकोनात कापलेलं आणि पॉलिश पेपरवर घासलेलं हवं. काच तेलकट असेल तर पाणी बाहेरच्या कडेपर्यंत पसरत नाही, थेंब आतल्या बाजूलाच लटकतो आणि लहान पडतो. बोट लावलंत की संपलं! व्यासात ०.१ मिमीची चूक झाली तर उत्तर सुमारे दोन टक्के हलतं, म्हणून व्हर्नियर वापरा, पट्टी नको. थेंब भराभर पडू दिले तर तुटता तुटता जादा पाणी आत शिरतं; सलाइन सेटच्या चाकाने वेग कमी करा.

प्रश्न : साबणाच्या पाण्याला मात्र दर वेळी वेगळं उत्तर येतं.

उत्तर : दोन कारणं. एक, थेंब लहान झाला की गुणकही बदलतो. पृष्ठताण ३० च्या आसपास असेल तर याच नळीला तो ०.६१ होतो, ०.६५ नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं : नव्या पृष्ठभागावर साबणाचे रेणू पोचायला वेळ लागतो. द्रावण पातळ असेल तर सेकंदाला एक थेंब पाडून जादा पृष्ठताण येतो, दर मिनिटाला एक पाडून कमी. म्हणून आकड्यासोबत थेंबाचं वयही, म्हणजे थेंब तयार होऊन पडायला किती वेळ लागला तेही, लिहा. संशोधक अशा वेळी थेंब पाडतच नाहीत. सुईला लटकत ठेवून त्याचे फोटो घेतात. गुरुत्वामुळे तो किती लांबुळका झाला त्या आकारावरून पृष्ठताण निघतो, आणि एकाच थेंबाचा ताण मिनिटागणिक उतरताना दिसतो.