काउंट वाढला, थकवा गेला नाही

नागपूर, मे महिना

प्रिय बेटा,

परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, प्लेटलेट काउंट ऐंशी हजारांवर आला, तरी आंघोळ करून आलं की पुन्हा पलंगावर पडावंसं वाटतं. मीच आळशी झाले असेन." तो शब्द आधी मागे घे. अठरा वर्षांपूर्वी मलाही घरचे हेच म्हणाले होते, आणि मी ते खरं मानून बसले. दोन वर्षं वाया गेली त्यात.

आयटीपी म्हणजे आपलंच शरीर आपल्या प्लेटलेट नष्ट करतं तो आजार; त्यातला थकवा काउंटच्या मागेमागे चालत नाही. कुणी वीस हजारांवरही दिवसभर कामं उरकतं, कुणाला लाखावर जिना चढवत नाही. रिपोर्टमधला आकडा रक्तस्रावाचा धोका सांगतो. तुझ्या अंगात किती त्राण आहे, ते त्यात लिहिलेलं नसतं.

आपल्याकडे प्लेटलेट म्हटलं की डेंग्यूच आठवतो. शेजारच्या काकू पपईच्या पानांचा रस घेऊन येतील, आठवडाभरात बरी होशील म्हणतील. मायेनंच आणतात गं. पण डेंग्यू येतो नि जातो. हा आजार मोठ्यांमध्ये बहुधा वर्षानुवर्षं राहतो, हे आईबाबांना एकदा शांतपणे बसवून सांग.

डॉक्टरांसमोर नुसतं "थकवा येतो" म्हणू नकोस. लायब्ररीत किती वेळ बसवतं, बर्डीच्या बाजारात गेलीस तर किती वेळा टेकावं लागतं, असं वहीत रोज दोन ओळी लिही आणि ती वही दाखव. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), थायरॉइड बघायचं का, ते विचार. पाळीत जास्त जात असेल तर लाजू नकोस, स्पष्ट सांग. माझं लोह त्यातच संपलं होतं, आणि मी विचारेपर्यंत कुणी पाहिलंच नव्हतं. प्रेडनिसोलोन, म्हणजे ती स्टिरॉइडची गोळी, संध्याकाळी घेत असशील तर झोप उडते. सकाळी घेतलं तर चालेल का, तेही विचार. स्वतःच्या मनानं मात्र गोळी कधीच बंद करू नकोस, एकदम सोडणं धोक्याचं असतं. आणि डोकं दुखलं म्हणून ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन नको.

सध्या पारा ४५ वर आहे. अवघड विषय सकाळी नऊच्या आत संपव, दुपारी कूलरसमोर निवांत झोप. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

रविवारी सहाला फुटाळा तलावावर ये, उन्हाआधी. चालायचं नाही, नुसतं बसू. वही आण.

तुझी मावशी