वाचकांचे प्रश्न : स्टीव्ह जॉब्स, त्यांचे कॉलेज आणि त्यांची माणसे

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी ओघात असे लिहिले होते की, ‘स्टीव्ह जॉब्स यांनी कॉलेज सोडले, हे वाक्य खरे असले तरी पुरे नाही.’ या एका वाक्यावर सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे न देता फक्त गावे दिली आहेत.

प्रश्न : आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे. मुलगा सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला आता कॉलेज सोडून मित्रांबरोबर ॲप तयार करण्याची कंपनी काढायची आहे. विरोध केला की ‘स्टीव्ह जॉब्सनेही कॉलेज सोडले होते’ असे म्हणतो. या माणसाचे नक्की काय झाले होते?
— एक पालक, तासगाव

उत्तर : पुढे ॲपल ही संगणक कंपनी काढणाऱ्या जॉब्स यांचा जन्म २४ फेब्रुवारी १९५५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला आणि पॉल व क्लारा जॉब्स या दांपत्याने त्यांना दत्तक घेतले. बाळ पदवीधर आईवडिलांच्याच घरी जावे असा जन्मदात्या आईचा आग्रह होता आणि पॉल जॉब्स यांचे तर शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते. मुलाला पुढे कॉलेजात घालू असे कबूल केल्यावरच तिने संमती दिली. पॉल यंत्रशाळेत काम करीत आणि फावल्या वेळात जुन्या मोटारी दुरुस्त करून विकत. १९७२ मध्ये मुलाने नेमके ओरेगन राज्यातील रीड हे महागडे खासगी कॉलेज निवडले, तेव्हा दिलेला शब्द पाळण्यासाठी त्यांनी साठवलेली पुंजी मोडायला काढली. बागेवर कर्ज काढून मुलाची फी भरणाऱ्या बापाला हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

एका सत्रानंतर जॉब्स यांनी नाव काढले, हे खरे आहे. आईवडिलांची जन्माची कमाई अशा शिक्षणावर जात आहे ज्याचा उपयोग आपल्याला दिसत नाही, हे त्यांनी स्वतः पुढे दिलेले कारण आहे. मात्र नाव काढल्यानंतर ते घरी बसले नाहीत. सुमारे दीड वर्ष ते त्याच कॉलेजच्या आवारात राहिले, मित्रांच्या खोलीत जमिनीवर झोपले, कोकच्या रिकाम्या बाटल्या परत करून मिळणाऱ्या पाच-पाच सेंटवर जेवले आणि आवडीच्या वर्गांत मागे जाऊन बसले. त्यांतला एक वर्ग अक्षरलेखनाचा, म्हणजे सुलेखनाचा होता. दहा-बारा वर्षांनी ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकावर निरनिराळ्या वळणांची सुबक अक्षरे आली, त्याचे मूळ ते या वर्गात सांगत असत.

त्याआधीचीही पार्श्वभूमी आपल्या मुलाला सांगावी. जॉब्स लहानाचे मोठे झाले तो भागच इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांचा होता आणि शेजारीपाजारी इंजिनिअर राहत. साधारण बाराव्या वर्षी त्यांनी ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचे एक संस्थापक बिल ह्यूलेट यांना थेट घरी फोन करून एका उपकरणासाठी सुटे भाग मागितले. ते मिळालेच, शिवाय सुट्टीत त्याच कंपनीत कामही मिळाले. म्हणजे कॉलेजच्या दारात पाऊल ठेवण्यापूर्वीच चार-पाच वर्षांची उमेदवारी झालेली होती.

आणखी एक गोष्ट अशी की, त्यांचे भागीदार स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनीही बर्कलीचे शिक्षण अर्धवट सोडले होते. पण ॲपलमधून पुष्कळ पैसा मिळवल्यानंतर ते वेगळे नाव धारण करून त्याच विद्यापीठात परत गेले आणि १९८६ मध्ये त्यांनी इंजिनिअरिंगची पदवी पुरी केली. हे उदाहरण मुले सांगत नाहीत.

मुलाशी भांडू नये, असे मला वाटते. आजवर काय तयार केले आहे, ते पैसे देऊन कोण घेणार आहे आणि त्याच्या मित्रांपैकी वॉझ्नियॅक कोण आहे, हे तीन प्रश्न त्याला विचारावेत. उत्तरे समाधानकारक असली, तर शिक्षणात खंड घेऊन परत येता येते का, याची कॉलेजच्या कार्यालयात लेखी चौकशी करावी आणि मगच पुढचे पाऊल टाकावे.

प्रश्न : ॲपलचा पहिला संगणक वॉझ्नियॅक यांनी तयार केला असे वाचले. मग जॉब्स यांनी नेमके काय केले?
— एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : पहिल्या संगणकाची रचना संपूर्णपणे वॉझ्नियॅक यांची होती, यात शंका नाही. ते तेव्हा ह्यूलेट-पॅकार्डमध्ये नोकरीला होते आणि ही रचना त्यांनी आधी आपल्या कंपनीलाच देऊ केली होती. कंपनीने ती नाकारली. ते स्वभावाने असे की त्यांनी तिचे नकाशे हौशी मंडळींना फुकट वाटले असते. ही वस्तू विकता येईल, हे जॉब्स यांना दिसले.

१ एप्रिल १९७६ रोजी जॉब्स, वॉझ्नियॅक आणि रोनाल्ड वेन या तिघांनी भागीदारी केली. जॉब्स यांनी आपली फोक्सवॅगन गाडी विकली, वॉझ्नियॅक यांनी आपला महागडा कॅल्क्युलेटर विकला. पुढची हकीकत सांगलीच्या हळद पेठेत ज्यांची हयात गेली त्यांना चटकन समजेल. माउंटन व्ह्यू येथील बाइट शॉप या दुकानाच्या मालकाने ५० संगणक प्रत्येकी ५०० डॉलरला घेण्याचे कबूल केले, पण ते जोडून तयार हवेत आणि पैसे माल मिळाल्यावर, अशी अट घातली. सुटे भाग घ्यायला जॉब्स यांच्याकडे रक्कम नव्हती. त्यांनी ती मागणी दाखवून पुरवठादाराकडून ३० दिवसांच्या उधारीवर माल उचलला, घरातल्या खोलीत आणि मग गॅरेजमध्ये बहीण व मित्रांना बसवून जोडणी करून घेतली आणि मुदत संपण्याआधी माल पोचवून उधारी फेडली. विक्रेत्याची मागणी हेच भांडवल, हा व्यवहार कोणत्याही पेठेला नवा नाही. तो एकविसाव्या वर्षी, ओळखपाळख नसताना जमवणे मात्र सोपे नव्हते. तिसरे भागीदार वेन यांना कर्जाची धास्ती वाटली. बारा दिवसांत ते बाहेर पडले आणि आपल्या दहा टक्के हिश्श्यापोटी त्यांनी ८०० डॉलर घेतले.

यानंतर इंटेलमधून तरुणपणीच निवृत्त झालेले माइक मार्कुला आले. त्यांनी २,५०,००० डॉलर उभे केलेच, पण जमाखर्च, व्यवस्थापन आणि विक्री यांची शिस्तही आणली. गॅरेजची गोष्ट सांगताना मार्कुलांचे नाव गाळले जाते, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

वस्तू तयार करणे आणि ती लोकांना पटवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे आपल्या भागाला तरी नव्याने सांगण्याची गरज नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन बिघडते या समजुतीमुळे पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षे लागली. १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती ही दोन्ही कामे करणारी माणसे एकत्र आल्यानंतर.

प्रश्न : जॉब्स यांना नीम करोली बाबांचा आशीर्वाद लाभला होता, असे व्हॉट्सॲपवर फिरते. खरे काय?
— निवृत्त शिक्षक, वाई

उत्तर : दोघांची भेट झालीच नाही. जॉब्स १९७४ मध्ये डॅन कॉटकी या मित्राबरोबर भारतात आले आणि नैनितालजवळच्या कैंची येथे गेले, परंतु बाबांनी सप्टेंबर १९७३ मध्येच देह ठेवला होता. काही महिने फिरून ते परत गेले. पुढे झेन बौद्ध साधनेचा त्यांच्यावर दीर्घकाळ प्रभाव राहिला आणि १९९१ मध्ये त्यांचा विवाहही झेन गुरूंनीच लावला. उरलेला मजकूर पुढे पाठवू नये, ही विनंती.

प्रश्न : कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही तिघे भागीदार कारखाना चालवतो. स्वतः काढलेल्या कंपनीतून माणसाला बाहेर कसे काढता येते, हे जॉब्स यांच्या बाबतीत समजत नाही.
— एक उद्योजक, सांगली

उत्तर : आपल्या भागीदारीत जे सहजी घडणार नाही, ते शेअर बाजारात उतरलेल्या कंपनीत घडते. १२ डिसेंबर १९८० रोजी ॲपलचे शेअर २२ डॉलर दराने बाजारात आले आणि जॉब्स पंचविसाव्या वर्षी गर्भश्रीमंतांच्या पंक्तीत जाऊन बसले. पण कंपनी त्यांची एकट्याची उरली नाही. १९८५ मध्ये त्यांच्याकडे सुमारे ११ टक्के शेअर होते. एवढ्या हिश्श्यावर मान मिळतो, निर्णय मिळत नाही. निर्णय संचालक मंडळाचा असतो.

पेप्सी कंपनीतून जॉन स्कली यांना १९८३ मध्ये जॉब्स यांनीच मिनतवारी करून आणले होते. २४ जानेवारी १९८४ रोजी मॅकिंटॉशचे थाटात अनावरण झाले, पण २,४९५ डॉलर किंमत, तोकडी स्मरणशक्ती आणि त्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅमची टंचाई यांमुळे सुरुवातीचा भर ओसरल्यावर विक्री घसरली. दोष कोणाचा यावरून दोघांत बिनसले, संचालक मंडळ स्कलींच्या बाजूने उभे राहिले आणि मे १९८५ मध्ये जॉब्स यांच्याकडचे कामकाज काढून घेण्यात आले. सप्टेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि एक शेअर ठेवून बाकीचे सगळे विकून टाकले. त्या काळात त्यांच्याबरोबर काम करणे सहकाऱ्यांना असह्य झाले होते, हेही नोंदवायला हवे. मंडळाचा निर्णय त्या वेळच्या हिशेबाने अगदीच अवाजवी होता, असे मला वाटत नाही.

पुढची अकरा वर्षे मला सर्वांत महत्त्वाची वाटतात, कारण त्यांतली बहुतेक तोट्यात गेली. त्यांनी काढलेल्या नेक्स्ट कंपनीचा काळा चौकोनी संगणक देखणा होता, पण महाग असल्याने खपला नाही आणि १९९३ मध्ये यंत्रे बनवणे बंद करावे लागले. तरी त्याच संगणकावर टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत वर्ल्ड वाइड वेबचा पहिला सर्व्हर चालवला. दुसरीकडे १९८६ मध्ये लुकासफिल्म या चित्रपट कंपनीचा संगणक विभाग विकत घेऊन त्यांनी पिक्सार ही कंपनी उभी केली आणि वर्षानुवर्षे पदरमोड करून ती जगवली. नोव्हेंबर १९९५ मध्ये ‘टॉय स्टोरी’ हा संपूर्णपणे संगणकावर तयार झालेला पहिला मोठा चित्रपट आला आणि आठवड्याभरात पिक्सारचे शेअर बाजारात उतरले.

दरम्यान ॲपलची अवस्था बिकट झाली होती. नवी ऑपरेटिंग सिस्टीम घरात तयार होईना, म्हणून १९९६ च्या अखेरीस त्या कंपनीने नेक्स्ट विकत घेण्याचे ठरवले आणि त्या सौद्याबरोबर जॉब्स परत आले. त्यांनी पहिले काम कात्री चालवण्याचे केले. डझनावारी मॉडेल्स बंद करून घरगुती व व्यावसायिक, टेबलावरचा व हातात नेण्याजोगा, असे चारच संगणक ठेवले. आणि ज्या मायक्रोसॉफ्टशी जन्माचे वैर होते तिच्याकडून १५ कोटी डॉलरची गुंतवणूक घेतली. १९९८ चा आयमॅक, २००१ चा आयपॉड आणि २००७ चा आयफोन हे सगळे यानंतरचे आहे. त्या फोनच्या आत चालणाऱ्या प्रणालीचा पाया नेक्स्टमध्ये घातलेला होता; म्हणजे न खपलेला माल शेवटी कामी आला.

आपण तिघे आहात, म्हणून एवढेच सुचवतो की बाहेरचे भांडवल घेताना त्याबरोबर मतांचा किती हक्क जातो, हे सनदी लेखापालाकडून आधी समजून घ्यावे.

प्रश्न : मोठा उद्योजक होता, पण माणूस म्हणून कसा होता?
— एक वाचक, फलटण

उत्तर : गौरवलेखांत न येणाऱ्या दोन गोष्टी सांगतो. १९७५ मध्ये अटारी कंपनीच्या ‘ब्रेकआउट’ या व्हिडिओ खेळाची जुळणी वॉझ्नियॅक यांनी चार रात्री जागून करून दिली. मोबदला ७०० डॉलर असल्याचे सांगून जॉब्स यांनी त्यांना निम्मे, म्हणजे ३५० दिले; कित्येक हजारांचे बक्षीस मिळाले होते, हे वॉझ्नियॅक यांना वर्षांनंतर कळले. दुसरी गोष्ट मुलीची. १९७८ मध्ये जन्मलेल्या लिसाचे पितृत्व ते चाचणीनंतरही कितीतरी काळ नाकारत राहिले, आणि त्याच सुमारास कंपनीच्या एका संगणकाला ‘लिसा’ हे नाव होते. पुढे त्यांनी तिला घरी आणले, पण मधली वर्षे तिच्या आईने हलाखीत काढली. कर्तृत्वाच्या पासंगाला या गोष्टी लावून त्या फिटतात, असे मी मानत नाही.

आजाराबाबतही विचारणा आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये त्यांच्या स्वादुपिंडात गाठ आढळली. तिचा प्रकार शस्त्रक्रियेने बरे होण्याची आशा असलेला होता, तरी नऊ महिने ते आहार आणि इतर उपायांवर विसंबून राहिले. शस्त्रक्रिया जुलै २००४ मध्ये झाली, २००९ मध्ये यकृताचे प्रत्यारोपण करावे लागले आणि ५ ऑक्टोबर २०११ रोजी वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. लवकर शस्त्रक्रिया केली असती तर किती आयुष्य वाढले असते, हे कोणीच सांगू शकत नाही. डॉक्टरांनी ती तातडीने करायला सांगितली होती, एवढे निश्चित.

प्रश्न : कपाटाची मागची, भिंतीकडची बाजूही चांगल्या लाकडाची असावी, असे जॉब्स यांचे वडील सांगत, ही गोष्ट खरी का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : जॉब्स स्वतः ती सांगत असत. प्रश्न मिरजेहून यावा याचा आनंद वाटला. आपल्या सतारमेकर गल्लीत मी एका कारागिराला तंबोऱ्याचा भोपळा आतून तासताना पाहिले आहे. बाहेरचे नक्षीकाम अजून व्हायचे होते, आणि हे गृहस्थ कापलेल्या तोंडातून हात घालून बोटांनी जाडी अजमावत बसले होते. तिथे निदान एक सोय असते की, आत कसूर राहिली तर ती आवाजात येते आणि गवई पहिल्या छेडीलाच ओळखतो. पॉल जॉब्स यांच्या कपाटाला किंवा घराभोवतीच्या कुंपणाला तशी कोणतीही परीक्षा नव्हती.

मुलाने ही सवय इतकी उचलली की मॅकिंटॉशच्या आतील सर्किट बोर्डावरचे भाग ओळीत व सुबक दिसावेत, असा हट्ट त्यांनी धरला. तो बोर्ड कोण पाहणार, असे इंजिनिअरांनी विचारून पाहिले. ग्राहकाला ते यंत्र साध्या पेचकसाने उघडताही येत नसे. त्यानंतर मॅकिंटॉशच्या गटातील सर्वांच्या सह्या एका कागदावर घेण्यात आल्या, जॉब्स यांनी आपली शेवटी केली, आणि त्या सह्या प्रत्येक संगणकाच्या प्लॅस्टिकच्या आवरणावर आतल्या बाजूने कोरल्या गेल्या.