निघण्याआधी एवढं ऐक

नव्या वाटेला लागताना पुढचं काहीच दिसत नाही, म्हणून तुझा जीव घाबराघुबरा झालाय. साहजिक आहे. बायबलमधला अब्राहाम देवाच्या सांगण्यावरून हारान हे गाव सोडून निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता, आणि कुठं पोचायचं तेही त्याला धड ठाऊक नव्हतं. बरं, देवानं दाखवलेल्या कनान देशात पोचला तर तिथं दुष्काळ पडला! मला त्या गोष्टीतला हा दुष्काळच फार धीर देतो. अडचण आली की आपण लगेच म्हणतो, देवाचं ऐकण्यात माझंच चुकलं. तसं नसतं गं.

थांबायलाही शीक. रानातून जाणाऱ्या इस्राएल लोकांना, म्हणजे अब्राहामाच्या वंशजांना, वाट दाखवणारा देवाचा ढग कधी दोन दिवस, कधी महिनाभर, कधी त्याहूनही जास्त एकाच जागी राहायचा. तो वर गेला की मगच मुक्काम हलायचा. मला हे जमत नव्हतं. एकदा रात्री घाईघाईनं होकार कळवून टाकला, प्रार्थना मागाहून केली, आणि पुढची दोन वर्षं तो होकार निस्तरत बसले. तेव्हापासून वहीच्या डाव्या पानावर मागणं लिहिते, उजवं पान उत्तरासाठी कोरं ठेवते. काही पानं अजून कोरीच आहेत.

तयारी मात्र नीट कर, जाणत्यांना विचार. आणि आज रात्री फक्त उद्यापुरतं माग. त्याच रानात देव त्यांना खायला द्यायचा तो मान्नाही रोजचा रोज गोळा करायचा असे. शब्बाथासाठी, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसासाठी, ठेवलेला सोडला तर दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेल्यात किडे पडायचे. निघताना कळव, तुझं नाव घेऊन प्रार्थना करीन.