होडीच्या लाकडाला लावण्यासाठी तारली माशाचं (सार्डिनचं) तेल घरी काढता येतं का?

हो, येतं, आणि त्याला भांडं, पाणी व मंद आच एवढंच लागतं. तारली डोक्या-आतड्यांसकट, बुडेल एवढ्या पाण्यात अर्धा-पाऊण तास शिजवा. मांस सुटलं की तेल आपोआप वर तरंगतं. ते पळीने काढा, चोथा जुन्या फडक्यात घालून पिळा, सगळं एकत्र करून रात्रभर निवळू द्या. वरचं तेल अलगद ओतून घ्या आणि तडतड थांबेपर्यंत मंद तापवा, कारण पाणी राहिलं तर ते लवकर नासतं. खरी मेख हंगामात आहे: तारली पावसाळ्यात अंडी घालते, तेव्हा अंगात चरबी कमी असते, ऑक्टोबर ते डिसेंबरमधली घ्या. पापलेट, बोंबील यांच्या वाटेला जाऊ नका, हाती काही लागत नाही. चूल मात्र अंगणात मांडा, शेजाऱ्यांशी बरं ठेवायचं असेल तर.

हे तेल प्यायचं नाही. घरी ते शुद्ध करता येत नाही, हवेने पटकन खवट होतं. औषधाच्या दुकानातल्या माशाच्या तेलाच्या कॅप्सूलला पर्याय समजू नका. तेलाने भिजलेली फडकी बोळा करून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात.